आईच्या फोटोला घातलेला हार

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, भावाला ठाऊक आहे, निम्म्या काष्टी गावाला ठाऊक आहे — पण मी सांगितलेलं नाही. लोकांना ठाऊक असणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं, हे तुम्हाला पटेल ना? न पटलं तरी वाचा. एवीतेवी तुम्ही माझं बरंच खोटं वाचलेलं आहे, एक खरं वाचायला काय हरकत आहे?

मी कादंबऱ्या लिहितो. श्रीगोंद्याला हायस्कुलात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात लिहितो, असं पुस्तकाच्या मागं छापलंय. खरं तर उलट आहे. उरलेल्या वेळात शिकवतो. का लिहिता, असं प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर माझं पाठ आहे — आतली अस्वस्थता, मातीचं देणं, वगैरे वगैरे. टाळ्या हमखास. खरं उत्तर द्यायचं तर मला नाव हवं होतं. मी आत आलो की स्टाफरूममधल्या चार माणसांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघावं, एवढीच माझी अस्वस्थता. मातीचं बितीचं काही नाही.

पहिल्या दोन कादंबऱ्या पडल्या. कशा पडल्या — तर प्रकाशक मॅडमनी उरलेले गठ्ठे टेम्पोत घालून माझ्याच घरी पाठवून दिले. दोन्ही शिक्षकांवर होत्या. घरात त्या फक्त आईनं वाचल्या, ओट्यावर उन्हाला बसून, ओळीखाली बोट धरून. वाचून झाल्यावर म्हणाली, "समदी निसती बोलत्यात रं. जेवत कुनीच न्हाई का तुज्या पुस्तकात?" मला राग आला होता. सातवी शिकलेल्या बाईनं मला काय शिकवावं? आज सांगतो, त्या दोन पुस्तकांवर इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं नाही.

आता आईचं सांगायला हवं. कसं सांगू? तिच्याबद्दल मी इतक्या स्टेजवर इतकं बोललोय, की त्यातलं खरं कुठलं ते आठवायला थांबावं लागतं. काष्टीत बाजारतळाच्या मागं आमचं घर. दोन खोल्या, पुढच्या खोलीत पायाचं शिलाई मशीन. वडील लवकर गेले. आईनं पोलकी शिवली आणि त्यावर आम्ही दोघं भाऊ शिकलो. गळ्यात कायम मापाची टेप. जेवताना, लग्नाला जाताना, देवळात — ती काढायची तिला आठवणच राहायची नाही. कारखान्याचा सीझन सुरू झाला की तिच्याकडं ऊसतोडीच्या बाया यायच्या. त्या साडीवरून पुरुषाचा जुना शर्ट घालतात, तुम्ही पाहिलं असेल. आई ते शर्ट मापात करून द्यायची, बाह्या मनगटाशी आवळून, उसाचं पातं लागू नये म्हणून. माप देता देता बाया बोलायच्या. कुणाचे दिवस फडातच भरले, कुणाची ट्रॉली उलटली. आणि ते सगळं आई भाकरी थापता थापता आम्हाला सांगायची. माझी तिसरी कादंबरी म्हणजे ते सांगणं. एकूण एक गोष्ट तिच्या तोंडची. ती स्वतः मात्र फडात कधी उतरली नव्हती. आयुष्यात उसाचं एक कांडं तिनं तोडलेलं नाही.

कादंबरीतली बाई शेवटी फडातच बाळंत होते आणि मरते. तिचा थोरला मुलगा ही गोष्ट सांगतो. पुस्तक निघाल्यावर पुण्यात माझी मुलाखत ठेवली होती, आयुष्यातली पहिली. मुलाखत घेणारा चांगला अभ्यास करून आला होता. त्यानं विचारलं, ही बाई कोण?

मी थांबलो. नाटक म्हणून नव्हे हो — खरंच थांबलो. सांगायचं होतं ते एवढंच होतं: माझी आई शिवणकाम करते, तिनं बायांचं ऐकलं, मी तिचं ऐकलं. किती लहान वाक्य. पण समोरची माणसं खुर्चीत पुढं वाकून बसली होती. माझ्यासाठी याआधी कोण कधी पुढं वाकलं होतं? त्यांना हे वाक्य पुरलं नसतं. मी म्हणालो, माझी आई.

मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "हयात आहेत त्या?"

हो म्हणालो असतो तर? लोक भेटायला आले असते. आणि काय बघितलं असतं त्यांनी — फरशीचं घर, स्वच्छ नऊवारी, हातात कात्री? शिवाय पुस्तकातली बाई मेलेली. मी मान हलवली आणि नाही म्हणालो. त्या वेळी आई काष्टीत कुणाच्या तरी पोलक्याला हुक लावत बसली असेल.

त्या एका 'नाही'नं पुस्तक उचललं. आवृत्त्या निघाल्या. मॅडम फोनवर अहो-जाहो करायला लागल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी विचारलं, अर्पणपत्रिका घालायची का — 'आईच्या स्मृतीस'? मी घाला म्हणालो. कॉलेजं बोलवायला लागली. प्रत्येक ठिकाणी मी थोडं थोडं वाढवत गेलो. कोपीतला, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीतला चिखल, आईच्या हाताला पडलेले चरे, तिचा शेवटचा घोट पाणी. एका समीक्षकानं लिहिलं की बाह्या आवळलेल्या शर्टाचा तपशील भोगल्याशिवाय लिहिताच येणार नाही. ते वाचून मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला, ते लपवत नाही.

मग नगरचा सत्कार आला. संयोजकांनी फोनवर आईंचा फोटो मागितला. मला वाटलं, बॅनरवर टाकणार असतील. भावाच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो होता, त्यात आई हसतेय आणि गळ्यात टेप आहे. मी तो मानेच्या वर कापला आणि पाठवून दिला.

आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होतो का? मी हॉलमध्ये शिरलो तर स्टेजवर समईशेजारी आई. फ्रेममध्ये, गंध लावलेली, चंदनाचा हार घातलेली. निवेदकानं माझं नाव पुकारलं आणि म्हणाला, सरांच्या हस्ते मातोश्रींच्या प्रतिमेचं पूजन होईल. तबक पुढं आलं. आता सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? काहीही करता येतं. भोवळ आली म्हणता येतं, पाय घसरता येतो. सरळ माईक हातात घेऊन खरं सांगता येतं. मी फुलं वाहिली, अक्षता टाकल्या आणि जिवंत आईच्या फोटोपुढं हात जोडून डोळे मिटले. पहिल्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पानावर फोटो आला. हार ठळक दिसत होता.

बाजाराच्या दिवशी मी काष्टीला गेलो. आईनं पेपर घडी करून मशीनच्या खणात ठेवला होता. मी दारात उभा. मनात वाक्यं जुळवत होतो, तोवर तीच म्हणाली, "फोटू बरा आलाय. टेप कुटं गेली रं?"

तिनं चहा टाकला. शेजारणी सकाळपासून पेपर घेऊन येऊन गेल्या होत्या, तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की पेपरवाल्यानं घोळ केला, दुसऱ्या कुणाची बातमी या बातमीत घातली. मलाही तेच सांगायला सांगितलं. एवढं झाल्यावर मी निदान तिचे पाय धरायला हवे होते. मी चहा घेतला आणि निघालो. श्रीगोंद्याच्या जीपमध्ये बसल्यावर मला कसं वाटलं, सांगू? सुटल्यासारखं.

पण एवढ्यावर भागलं नाही. एका रविवारी अकोल्याहून एक प्राध्यापिका एसट्या बदलत बदलत थेट काष्टीत आल्या. माझ्या कादंबरीवर काम करत होत्या, आमची कोपी कुठं होती ती जागा बघायची होती. मी आईकडं जेवायला बसलो होतो. बाई आत आल्या, आईकडं बघून हसल्या आणि मला विचारलं, या कोण?

माझ्या तोंडात घास होता. गिळून बोलता आलं असतं. मी चावत राहिलो.

"मी सरांची मावशी," आई म्हणाली. "थोरली भैन गेली माजी, मंग मीच संभाळलं दोगांला."

सर. जिनं मला जन्मभर अरे-तुरे केलं, तिनं आपल्याच घरात मला सर म्हटलं. आणि मग ती न अडखळता तासभर त्या नसलेल्या बहिणीचं सांगत बसली. मरताना बहिणीनं शर्टाची बाही दातात धरली होती म्हणे, ओरडणं पोरांच्या कानावर जाऊ नये म्हणून. प्राध्यापिका रडल्या. जाताना आईच्या पाया पडल्या.

बाई गेल्यावर आई कप विसळायला बसली. आणि मी तिला काय विचारलं, सांगू का? बाहीचं ते कुणाचं, असं विचारलं. ती म्हणाली, "व्हती एक पाथर्डीकडची. लिव्हायचं आसंल तर लिव."

मी लिहिलं. चौथी कादंबरी त्याच मावशीच्या तोंडून आहे. बाही दातात धरलेलं प्रकरण तर मॅडमनी प्रसिद्धीसाठी आधीच व्हॉट्सॲपवर फिरवलं. आई नंतर कुठं कार्यक्रमाला येते म्हणाली नाही. आधी एकदा म्हणाली होती — माझं भाषण कसं असतं ते तिला ऐकायचं होतं. मी म्हणालो होतो, लांब पडतं तुला.

या थंडीत ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी दुपारी मशीनशेजारच्या कॉटवर. शाळेत मी आई गेली म्हणूनच रजा टाकली. तिथं कोण कादंबऱ्या वाचतंय? मॅडमना मात्र फोन करून सांगितलं, मावशी वारली. त्या म्हणाल्या, अरेरे, त्या पुस्तकातल्या? वाईट झालं, पण प्रकाशन पुढं ढकलू नका, हॉल परत मिळायचा नाही. चौथ्या कादंबरीचं प्रकाशन नेमकं तेराव्या दिवशी येत होतं. मी बरं म्हणालो.

दहाव्याला नदीवर गर्दी झाली. आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात, तुम्हाला माहीत असेल. पंचायतीतले दोघंतिघं आईवर बोलले, साधंच बोलले, तिनं कुणाकुणाचं लग्नाचं शिवून दिलं ते. मग म्हणाले, आता साहित्यिकांनी दोन शब्द बोलावेत. तिच्या मरणावर गावोगाव तासतास बोललेला माणूस मी. मी हात जोडून नको म्हणालो.

त्यानंतर डोकी काढायला न्हावी बसला. धाकट्या भावानं आधी डोकं काढून घेतलं. मग न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाटावर हात मारून जागा दाखवली. मी तिथं उभा राहून हिशोब करत होतो — तीन दिवसांनी स्टेज, कॅमेरे, आणि टक्कल बघून प्रत्येक जण विचारणार, कोण गेलं? मावशीसाठी कुणी डोकं काढतं का? मी म्हणालो, डोक्याला ॲलर्जी आहे, डॉक्टर नको म्हणालेत.

न्हाव्यानं वस्तरा पुसला. भावकीतले एक म्हातारे पुढं झाले, म्हणाले, "मास्तर, आवो आई हुती ती."

तेव्हा भाऊ बोलला. ओलं डोकं टॉवेलनं पुसत, माझ्याकडं न बघता, अगदी हळू.

"ऱ्हाऊ द्या त्याला. मावशी हुती त्याची."

बायकोनं मान फिरवली. मी नदीत उतरून आंघोळ केली आणि केसांवरून हात फिरवून पाणी झाडलं. भाऊ त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. आईचं मशीन त्यानं आपल्या खोलीत नेलं.

तेराव्याला घरी गोडाचं जेवण होतं आणि मी पुण्यात होतो. स्टेजवर तोच फोटो, तोच हार. आयोजकांनी नगरवरून मागवून घेतला होता. आता तो हार खरा होता, हे त्या सभागृहात मला एकट्याला ठाऊक. मी फुलं वाहिली. भाषणात म्हणालो, आई, आज तू असतीस तर — आणि पुढं आवाजच फुटेना. खरोखर फुटेना. मी आजवर केलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण, असं मॅडम म्हणाल्या.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. एका बाईंनी पुस्तक पुढं केलं, म्हणाल्या, माझ्या आईसाठी काहीतरी लिहा, तिला तुमचं फार आवडतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हयात आहेत त्या?"

"आहेत की," त्या म्हणाल्या. "खाली गाडीत बसल्यात, जिना चढवत नाही त्यांना."

मी त्यांचं नाव विचारून घेतलं, शुभेच्छा लिहिल्या, सही केली आणि पुढच्या माणसाचं पुस्तक ओढलं.