बार्टजेची मूठ
लायडनच्या विद्यापीठातल्या पंडितांना तेव्हा एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. जीव राहतो कुठे, आणि न दिसणारा जीव हे हाडामांसाचं शरीर हलवतो कसा? बार्टजेच्या खाणावळीतले विद्यार्थीही त्यावरून हमरीतुमरीवर यायचे आणि वाटाण्याचं सूप गार व्हायचं. ती ताटल्या आपटून म्हणायची, "जीव कुठेही असू दे, पोट इथे आहे. आधी गिळा." आपटायची एकाच हाताने. डावा हात कोपराखाली नव्हता.

त्या हाताची गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, पण तिच्यासमोर कुणी काढत नसे. चार हिवाळ्यांपूर्वी तिची लेक वेंदेला चौथ्या वर्षात होती. इथल्या लेकरांच्या झग्याला खांद्याशी दोन लांब पट्टे शिवलेले असतात, चालायला शिकताना आईने धरायला. पोरगी हट्टाला पेटली, "मी काय तान्ही आहे?" बार्टजेने सकाळी हसत हसत पट्टे कापले. दुपारी गोठलेल्या कालव्यावरचा बर्फ फुटला आणि पोरगी पाण्यात पडली. तिने लेकीचं मनगट धरलं आणि माणसं शिडी घेऊन येईपर्यंत सोडलं नाही. पोर तोवर गेली होती. मूठ उघडायला दोघं जण लागले. गारठून काळा पडलेला तो हात मग वैद्याने कापला.

हात गेला, पण मूठ राहिली. नसलेल्या तळव्यात नखं रुतायची आणि कळ मस्तकात जायची. भांडी हातातून पडायची, झोप तर कधीच उडाली होती. बाई सोसून सोसून टेकीला आली होती.

वरच्या खोलीत राहणारा लुबेर्ट वैद्यकी शिकत होता. एका सकाळी तो चुलीशी येऊन बसला.

"मावशी, दुखतोय तो हात नाही, दुखतोय जीव. तो बसलाय डोक्यात, आणि शिरा म्हणजे त्याच्या हातातले पट्टे. लेकराचे आईच्या हातात असतात ना, तसे. पट्टा मध्येच कापला, तरी ओढ वर कळतेच."

बार्टजे पांढरीफटक पडली. तो परगावचा, त्याला काय माहीत! शहाणपण उतू चाललं होतं, अक्कल अजून यायची होती.

"उपाय आहे," तो म्हणाला. "उजवी मूठ आवळा, डोळे मिटा. आता दोन्ही मुठी बरोबर उघडताय असं समजा. हळूहळू. जीव फसतो."

तिने डोळे मिटले. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. कळ ओसरली, चार वर्षांत पहिल्यांदा. तिला हुंदका आला, इतकं बरं वाटलं. तिसरं बोट सुटलं, आणि तळव्यातून काहीतरी गार, ओलं, इवलंसं खाली घसरू लागलं.

तिने गपकन मूठ आवळली.

"उघडली, मावशी?"

"नाही रे बाबा. तुझा तो जीव माझं ऐकत नाही."

लुबेर्टने हिरमुसून वहीत लिहिलं की उपाय लागू पडला नाही. त्याच्या गुरुजींनी म्हणे त्यावर महिनाभर वाद घातला.

तो वर गेल्यावर बार्टजे वाटाणे निवडायला बसली. कळ परत आली होती, नखं रुतली होती. तिने रिकामी बाही पोटाशी घेतली.

"धरलंय गं," ती म्हणाली. "धरलंय."