राजा झुकेपर्यंत

घाटनांदूरच्या रस्त्यावर मोटारसायकली दुरुस्त करणारे चाचा आमच्या जत्रेतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर आहेत. वहीच्या प्रत्येक पानावर त्यांच्या ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा असतो. पात्रं भांडायला लागली की त्यांची कळी खुलते. "सर, ठिणगी पडल्याबिगर इंजन चालू होत न्हाई," म्हणत ते माझी नाट्यशास्त्रावरची सगळी पुस्तकं एका वाक्यात निकालात काढतात.

यंदा राजा होते सरपंच. मांडव त्यांचा, म्हणून राज्यही त्यांचंच. नाटकाच्या शेवटी राजा चूक कबूल करतो आणि हाकलून दिलेल्या मुलीपुढे मान झुकवतो. तालमीत सरपंच म्हणाले, "गावासमोर मी झुकणार न्हाई. पोरीलाच झुकवा." मुलीचं काम करणाऱ्या अंगणवाडीच्या ताईंचा चेहरा उतरला. त्या याच प्रवेशासाठी महिनाभर राबल्या होत्या. दिग्दर्शक मी, पण मी तालीमच आवरती घेतली. मला मांडव हवा होता.

प्रयोगात ती जागा आली. सरपंच ताठ उभे. पाठांतर त्यांनी कधी केलंच नव्हतं, कान विंगेकडे. चाचांनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला.

"चाचा, पुढं काय?" राजा कुजबुजला.

"पुढं झुकायचं हाय, सरपंचसाब. त्याबिगर पान उलटत न्हाई."

समोर सारं गाव, बाजूला ताई वाट पाहत उभ्या. सरपंचांची आधी हनुवटी खाली गेली, मग मान. मांडवात असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की सरपंच आपणहून आणखी थोडे झुकले.

तेव्हा कुठे चाचांनी वही उघडली.