सोवळ्याचा शर्ट

दीड वर्ष मी चर्चमधले प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घेतले नव्हते आणि या गोष्टीचा मला हळूहळू थोडा अभिमान वाटू लागला होता. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते. पण घडलेली गोष्ट जिथून सुरू झाली तिथूनच सांगावी, असे निबंधाच्या तासाला मी सदतीस वर्षे मुलांना बजावले आहे. तेव्हा स्वतःला सूट देणे योग्य नव्हे.

मी धारचा निवृत्त शिक्षक. आमचे घराणे लुथरन. पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, पण घरातले सोवळे मात्र ख्रिस्ती होऊन तसेच राहिले. प्रभुभोजनासाठी शर्ट आदल्या दिवशी धुवायचा, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा, त्याला कोणी शिवायचे नाही आणि सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असा नियम नाही. उपवास ही चांगली शिस्त आहे, पण प्रभूच्या मेजाशी येण्याची योग्यता केवळ विश्वासात आहे, असेच आमची प्रश्नोत्तरी शिकवते. मी ती कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतली. पाठांतर माझ्याकडे होते. अर्थ बहुधा मुलांवर सोपवला होता.

निवृत्तीनंतर वेळ उरला, तेव्हा मी आत्मपरीक्षणाची पद्धत बसवली. एका कागदावर दहा आज्ञा लिहायच्या आणि प्रत्येकीखाली आपले दोष. कागद कोरा राहिला तरच मेजाशी जायचे. तो कधीच कोरा राहिला नाही. मंडळी पुढे जात आणि मी शेवटच्या बाकावर बसून राही. "सर किती नम्र!" असे कोणीतरी कुजबुजले, ते मला फार आवडले आणि पुढच्या कागदावर एक ओळ वाढली.

अशात देवासहून आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. सोमवारी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. "शनिवारी अकराला पाळक घरी येऊन प्रभुभोजन देणार आहेत. तू माझ्या शेजारी बसून घे. आईच्या दोन बाजूंना गुडघे टेकायचो ना, तसे." डॉक्टरांनी फारशी खात्री दिलेली नव्हती, हे तिने सांगितले नाही, तिच्या मुलाने सांगितले. मी "येतो" म्हणालो. कागदाबद्दल बोललो नाही.

शनिवारी पहाटे सोवळ्याचा पांढरा शर्ट घालून, उपाशीपोटी, मी इंदूरची बस धरली. कागद खिशात होता. त्यावर नऊ ओळी होत्या. तसा कागद घेऊन मेजाशी जावे कसे आणि न जावे तर आक्काला काय सांगावे, हे गणित सोडवता सोडवता घाटाबिल्लोदच्या अलीकडे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या सीटवरील एक धिप्पाड बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. तिच्या मांडीवर पोह्यांचा डबा उघडा होता.

"बासाब, सुबे से कुछ खाया कि नी?"

"उपवास आहे... उपवास है," मी म्हणालो.

"आज तो ग्यारस भी नी है! काय का उपवास?"

एकादशी नव्हती हे खरेच; पण मी शिक्षक आहे. अपुरे उत्तर मला देववत नाही. प्रभूच्या भोजनाला जात आहे, पात्र होऊन जावे लागते, असे मी पद्धतशीर सांगितले. ती लक्षपूर्वक ऐकत होती.

"मतलब भगवान ने जीमने बुलाया है, और आप रस्ते में ही मरने बैठे हो? पोंचोगे तब तो जीमोगे! मुंडो खोलो."

मी वाद घालण्यासाठी तोंड उघडले आणि तेवढ्यात चमचा आत गेला. मागून कंडक्टर ओरडला, "और खिलाओ काकी, बासाब अभी भी सफेद दिख रे हैं!" घाटाबिल्लोदला तिने खिडकीतून चहा मागवला. बस हलली, चहा माझ्या छातीवर सांडला, त्याच्यामागून पोहे आले. तिने पदराने शर्ट पुसला, म्हणजे हळद नीट सर्वत्र पसरवली. ज्या शर्टाला घरात कोणी बोट लावत नसे, त्यावर आता शेव चिकटली होती. इंदूरला तिने मला देवासच्या बसमध्ये बसवले, कंडक्टरला दम दिला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मी तिचे नावही विचारले नाही.

आक्का पलंगावर बसली होती. "अरे, प्रभुभोजनाला आलास की हळद लावून घ्यायला?"

पाळक तरुण होते; एकेकाळी माझ्याच वर्गात शिकलेले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "मी नुसता बसतो. मी खाऊन आलो आहे. शिवाय ही माझी यादी." खिशातून कागद काढला. चहात भिजून शाई विरघळली होती. त्यावर एक निळसर डाग तेवढा उरला होता.

पाळकांनी तो उजेडात धरून पाहिला. "सर, काहीच वाचता येत नाही."

"नऊ होत्या. तोंडी सांगतो."

"तेवढ्यासाठीच आपण आरंभी पापांगीकार करतो, सर. मग क्षमा सांगितली जाते. ही आपण देवाला वाढलेली पंगत नाही. तो वाढतो."

"हे मीच तुला शिकवले होते," मी म्हणालो.

"हो. मी चुकलो तेव्हा बाकावर उभे केले होते."

आक्काचा संयम सुटला. "मला सोमवारी नेणार आहेत. तोवर तू लायक होणार आहेस का? नसलास तर असाच बस इथे. मीही काही होणार नाही आता."

मी तिच्याजवळ गुडघे टेकले. पाळकांनी भाकर देताना "तुमच्यासाठी" म्हटले, तेव्हा मी प्रथमच त्या शब्दाची परीक्षा न घेता तो घेतला. तळहाताला पोह्यांचा वास येत होता. आक्का रडत होती; मीही रडत होतो, पण ते त्या दिवशी कोणत्याही आज्ञेखाली लिहावे लागले नाही.

आक्का बरी आहे आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा मोठी करून सांगते. ती बरी झाली नसती तरी त्या दिवशी जे मिळाले ते कमी झाले नसते, असे मला वाटते. त्या अनोळखी बाईसाठी मी रोज प्रार्थना करतो. नाव ठाऊक नसल्यामुळे पोह्यांचा उल्लेख करावा लागतो. शर्ट मी आजही धुतो, पण घरच्या सगळ्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घालतो. छातीवरचा पिवळा डाग गेलेला नाही. तोच शर्ट घालून मी आता बोलावणे आले की पुढे जातो.