तंबूची काठी

त्या घटनेला पंचवीसहून अधिक वर्षं झाली, तरी पाटणच्या बाजूला कधी जाणं झालं की ती मनातून हटत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी कोयना खोऱ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

दसरा होऊन आठवडा झाला होता. सांगलीहून बिनतारी संदेश आला. विश्रामबागेत राहणारा, कॉलेजात भूगोल शिकवणारा सत्तावीस वर्षांचा तरुण मोटारसायकलवर एकटाच फिरायला निघाला होता, तो परतला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ठाण्यात आले. तेही निवृत्त शिक्षक. पावसाळा सरला की मुलगा दरवर्षी घाटरस्त्यांनी हिंडतो, पठारावर तंबू ठोकून राहतो आणि संध्याकाळी मिळेल त्या एसटीडी बूथवरून घरी फोन करतो, असं त्यांनी सांगितलं. शेवटचा फोन पाटणहून आला होता. उद्या पठारावर मुक्काम आहे, तिथं फोन नाही, काळजी करू नका, एवढंच तो बोलला होता.

आम्ही शोध सुरू केला. घाटाच्या पायथ्याच्या चहावाल्याला तो आठवत होता. बाटली भरून घेऊन तो सकाळीच वर गेला होता. पुढं काहीच कळेना. एकट्या माणसाच्या शोधात हीच अडचण असते. तो कुठं वळला, कुठं थांबला, हे सांगायला दुसरं कुणी नसतं. त्या रस्त्याला दिवसातून दोन एसट्या आणि माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या थोड्या वडापच्या जीपगाड्या, दोन्ही अंगांना पुरुषभर गवत. आमच्या हवालदारांचं मत पडलं की पोरगा कुणा मुलीबरोबर निघून गेला असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. वडील एक दिवसाआड सांगलीहून येऊन ठाण्याच्या बाकावर बसायचे आणि मी त्यांना "येईल" म्हणून परत पाठवायचो.

अकराव्या दिवशी खबर दिली ती पोस्टमननं. वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटणारा हा माणूस फारसा बोलत नसे. माझ्या टेबलासमोर उभा राहून तो म्हणाला, "सायब, वरच्या वाडीत एका जीपवाल्याच्या गोठ्यात म्हस बांधलीया. दोरी लाल-पिवळी हाय. आपल्या बाजारात तसली मिळत न्हाई."

दोन पंच घेऊन आम्ही वाडीत गेलो. म्हशीच्या गळ्यात डोंगर चढणारे वापरतात तसली दोरी होती. वैरणीवर निळं कापड अंथरलं होतं. तो तंबू होता. वडिलांना बोलावून घेतलं. कापडावरच्या एका ठिगळावर हात ठेवून ते म्हणाले, हे माझ्या मुलीनं शिवलंय.

जीपवाल्याला ताब्यात घेतलं. पस्तिशीचा, वडापचा धंदा करणारा, आधी कुठल्याच गुन्ह्यात नाव नसलेला माणूस. चौकशीत त्यानं आधी सांगितलं की सामान रस्त्यात पडलेलं सापडलं. कुठं सापडलं, हे विचारलं की जागा बदलायची. खोटं बोलणारा माणूस प्रश्न नीट ऐकत नाही, त्याचं लक्ष आपल्या मागच्या उत्तरात अडकलेलं असतं. दुपारपर्यंत माझी खात्री झाली होती की यानं सामानासाठी खून केलाय. मी त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. ते लपवून काही उपयोग नाही.

तो रडला नाही. खाली बघत म्हणाला, "मी मारलं न्हाई सायब. मी फकस्त थांबलो न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या सकाळी तो रिकामी जीप घेऊन वर चालला होता. एका वळणावर खालून हाक ऐकू आली. उतरून बघतो तर रस्त्यापासून तीस-चाळीस फूट खाली एक तरुण पडलेला. म्हैस आडवी आली म्हणून गाडी घसरली, असं त्या तरुणानं सांगितलं. मांडी मोडली होती. जीपवाल्यानं त्याला पाणी पाजलं. त्यानं दवाखान्यात न्यायची विनवणी केली, तेव्हा हा "आलोच" म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला, तर तरुण मेला होता. आपली जीप तिथं उभी असलेली कुणी पाहिली असेल, या भीतीनं त्यानं प्रेतावर दगड रचले आणि मोटारसायकल दरीत ढकलून दिली. तंबू आणि दोरी का नेलीस, असं विचारलं. म्हणाला, वाया जात होती.

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाखवलेल्या जागी आम्ही दगड बाजूला केले. प्रेताची अवस्था वाईट होती. पंच तोंडाला रुमाल लावून बाजूला झाले. पंचनामा लिहिताना मी पायाकडे पाहिलं आणि माझं पेन थांबलं. मोडलेल्या मांडीला तंबूची काठी बांधलेली होती. शर्टाच्या फाडलेल्या पट्ट्यांनी, चार ठिकाणी, घट्ट गाठी मारून. त्या गाठी त्या तरुणानं स्वतःच्या हातांनी मारल्या होत्या. कुणीतरी येईल, आपल्याला उचलून नेईल आणि त्या वेळी पाय हलता कामा नये, एवढा विचार त्यानं केला होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना हत्याराची एकही जखम सापडली नाही. वेळेवर आणला असता तर कदाचित वाचला असता, एवढं ते म्हणाले.

खुनाचा गुन्हा टिकणार नव्हता. मृताचं सामान लाटल्याचं आणि प्रेत लपवल्याचं तेवढं कागदावर आलं. दोषारोपपत्र तयार करताना मी जीपवाल्याला शेवटचं विचारलं की, पाणी पाजलंस, मग न्यायला काय झालं होतं?

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "दोन सालामागं याच घाटातनं एका जखमी म्हाताऱ्याला मी दवाखान्यात आणलं हुतं. तूच उडवलास म्हणून तुमी मला तीन दिस हितंच बसवलं. जीप दोन म्हैनं हितल्याच अंगणात गंजली. तवाच ठरवलं, आता कुणासाठी थांबायचं न्हाई."

मी जुनी ठाणे डायरी काढायला लावली. नोंद सापडली. तपासात जीपवाल्याचा दोष न आढळल्यानं सोडून दिल्याचं लिहिलं होतं. खाली सही माझी होती. मला त्याचा चेहरासुद्धा आठवला नव्हता.

त्या आठवड्यात मी ठाण्यातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं की, जखमीला घेऊन येणाऱ्याचं नाव-गाव लिहून घ्या आणि जाऊ द्या. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं पहिल्या दिवशी हेच सांगत आलो. काहींनी पाळलं, काहींनी नाही. आपल्याला गुन्हेगार घाबरतात असं आम्ही समजतो. त्याहून जास्त घाबरतो तो मदतीला आलेला माणूस, आणि तो घाबरला की कुणाचा तरी जीव जातो. हे मला त्या घाटानं शिकवलं, फार उशिरा.

मुलाचं घड्याळ आणि किल्ल्या ताब्यात घ्यायला वडील पुन्हा ठाण्यात आले. पावतीवर सही करून त्यांनी विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, साहेब?"

मी सांगितलं, एक माणूस होता. त्यानं पाणी पाजलं.

"मग तो थांबला का नाही?"

उत्तर मला माहीत होतं. घाबरला असेल, एवढंच मी म्हणालो. कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.