इरप्पाचा लेक, इरप्पाचा बाप

पुण्याहून परत आल्यावर सुनीलकुमारनं नौबादला ऑफिस थाटलं आणि पाटीवर स्वतःच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरात ‘सोल्यूशन्स’ असं लिहून घेतलं. पुण्यात नेमकं काय करायचास, असं कुणी विचारलं की तो मान ताठ करून म्हणायचा, “सिस्टिम.” पुढं कुणी विचारत नसे. गोष्ट समजून घेण्यापेक्षा तिला गप्प बसवणं त्याला जास्त जमायचं. ऑफिसातला प्रिंटर खडखडायला लागला तेव्हा या गृहस्थानं त्याच्यावर उशी ठेवली होती.

अशा माणसाकडं भालकीचे इरप्पाअण्णा आपलं घराणं घेऊन आले. पूर्वज मेंढरं राखत फिरलेले, त्यामुळं भाऊबंद जनवाड्यापासून उदगीरपर्यंत पांगलेले. अण्णांच्या लेकीनं, धनलक्ष्मीनं, दारोदार हिंडून सगळ्यांची नावं गोळा केली होती आणि एक्सएमएल फाइलमध्ये भरली होती. प्रत्येक माणूस आणि त्याच्याखाली त्याच्या लेकरांची नावं. त्याचं वेब पेज करायचं, नाव दाबलं की खालची पिढी दिसली पाहिजे.

सुनीलकुमारनं प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामनं एक माणूस घ्यायचा, नाव छापायचं, त्याची लेकरं फाइलमध्ये शोधायची, मग प्रत्येक लेकराला घेऊन पुन्हा तेच करायचं. याला रिकर्शन म्हणतात. लेकरं संपली की प्रोग्राम आपोआप माघारी फिरतो. हा फिरेना. बराच वेळ चालला आणि एरर देऊन पडला: रिकर्शन फार खोल गेलंय.

“मशीन कमी पडायलंय,” सुनीलकुमारनं निदान केलं आणि खोल जाण्याची मर्यादा वाढवली. आता अख्खा कॉम्प्युटर गोठला. मग मेव्हण्याचा नवा लॅपटॉप मागून आणला. तोही गोठला. “फाइलच हेवी हाय,” तो म्हणाला.

ऑफिसात श्रीदेवी नोकरीला होती. त्याच्याच कॉलेजात, त्याच्याच वर्गात शिकलेली, आणि जीभ कुणापुढं न आवरणारी.

“अरे, घराणं हाय ते, विहीर न्हाई,” ती म्हणाली. “एवढं खोल जायला तेवढ्या पिढ्या तर पायजेत का न्हाई? कुठंतरी गोल फिरायलंय. एकेक नाव छापत जाऊ दे, कुणापाशी फिरतंय ते दिसंल.”

“मला शिकवायलीस व्हय? पुण्यात रोज असलं बघत हुतो मी.”

आणि त्यानं काय केलं? एक ओळ घातली: चौथी पिढी झाली की थांब. एरर गेली! साहेबांनी लगेच भजी मागवली. पेज उघडून एक नाव तपासावं, हे काही सुचलं नाही. आपल्या कामावर भरवसाच तेवढा.

भालकीच्या मंगल कार्यालयात भाऊबंद जमले. सुनीलकुमार कोट घालून, श्रीदेवीला बरोबर घेऊन आला आणि डिजिटल युगावर इतकं बोलला की पुढच्या रांगेतले म्हातारे पेंगले. मग पडद्यावर पेज आलं.

“आमच्या आज्याला दाखवा,” इरप्पाअण्णा म्हणाले.

इरप्पा. त्याच्याखाली रेवणसिद्धप्पा. त्याच्याखाली पुन्हा इरप्पा, म्हणजे खुद्द अण्णा. टाळ्या पडल्या. सुनीलकुमारनं छाती काढून अण्णांचं नाव दाबलं. खाली आलं, रेवणसिद्धप्पा.

“ह्यो कोण?”

“तुमचा लेक, अण्णा.”

“माझा बाप हाय त्यो!”

कार्यालयात हशा उसळला. त्यात धनलक्ष्मी उभी राहिली. ती हसत नव्हती.

“सर, सगळ्यांची नावं मी आणली. मी कुठं हाय?”

ती कुठंच नव्हती. सुनीलकुमार पुटपुटला, “अपडेट व्हायलंय.”

इरप्पाअण्णांनी आवाज चढवला नाही. “एकदा तरी उघडून बघितलं हुतं का?” एवढंच विचारलं. सुनीलकुमार टाय सैल करत राहिला.

श्रीदेवीनं तिथंच लॅपटॉप ओढून घेतला आणि एकेक नाव छापून पाहिलं. इरप्पा, रेवणसिद्धप्पा, इरप्पा, रेवणसिद्धप्पा. आज्याचं नाव नातवाला ठेवलेलं, आणि फाइलमध्ये माणसाची ओळख म्हणजे नुसतं नाव. प्रोग्राम नातवापाशी पोचला की आज्याचीच लेकरं उचलायचा आणि पुन्हा फेरा सुरू. तिनं धनलक्ष्मीला शेजारी बसवलं. दोघींनी माणसागणिक वेगळा क्रमांक दिला, लेकरं क्रमांकानं जोडली आणि चौथ्या पिढीवर थांबवणारी ती शहाणी ओळ काढून टाकली. प्रोग्राम शेवटच्या लेकरापर्यंत गेला आणि स्वतःहून थांबला. अण्णांच्या खाली धनलक्ष्मी आली तेव्हा तिनं पडद्याजवळ जाऊन आपलं नाव वाचलं आणि मग कुठं जेवायला बसली.

पुढं श्रीदेवीनं ती नोकरी सोडली. भालकीकडची कामं आता थेट तिच्याकडं येतात. सुनीलकुमार नौबादच्या हॉटेलात चहा पीत भेटेल त्याला सांगतो, “आज्याचं नाव नातवाला ठेवायचं कामून? असल्या लोकांपुढं कॉम्प्युटर तरी काय करंल?”