फळ्यावर काढलेला चेहरा

हे दयाघना, अणूतही पूर्ण आणि आकाशातही पूर्ण असणाऱ्या विश्वंभरा! तुझ्या घडणीला पट्टी लावणारे आम्ही कोण? कोवळ्या पानात जे रूप, तेच तू जून पानात राखतोस. वाढवतोस तर सर्वांगाने वाढवतोस, एक बाजू ओढून दुसरीला उपाशी ठेवत नाहीस. ज्याला जे मुख दिलेस ते तुला आवडले म्हणून दिलेस, आणि त्या मुखाची टवाळी करण्याचा अधिकार तू कोणालाही दिला नाहीस. ही गोष्ट ज्याला शिकवून नव्हे, चुकून कळली, अशा एका साध्या शिक्षकाचे चरित्र तुझ्या पायांशी ठेवतो. शब्द तूच पुरव, आणि जिथे ते कठोर होतील तिथे त्यांच्यावर मायेचा हात ठेव.

तर हे सातवीचे गणिताचे सर. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड आणि बगलेत लाकडी मीटरपट्टी. त्या पट्टीवरून मुले त्यांना मागे 'मीटर' म्हणत. सरांना ते ठाऊक होते आणि मनातून थोडे आवडतही होते. टोपणनाव म्हणजे प्रेमाचीच खूण, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

वर्षभराचे सगळे धडे ते मनापासून शिकवीत; पण प्रमाण आणि समरूप आकृत्या आल्या की त्यांच्या वाणीला भरते येई. फळ्यावर चौकटी आखून ते त्यांत एक चेहरा काढीत. गोल डोके, टिंबांचे डोळे, एक रेघ नाकाची. शेजारी चौकटी मोठ्या आखून तोच चेहरा पुन्हा काढीत.

"काय बदललं?"

"माप!" वर्ग ओरडे.

"आणि काय नाही बदललं?"

"चेहरा!"

"शाब्बास! सगळ्या बाजू एकाच पटीत वाढल्या, कोन जागचे हलले नाहीत. याला म्हणायचं समरूप. मोठं होणं वेगळं रे, आणि बिघडणं वेगळं!"

मग येई तिसरे चित्र. उंची तीच, रुंदी तेवढी दुप्पट. गाल पसरत, जिवणी कानांपर्यंत जाई, आणि हसून हसून मुलांचे बाक हलत. धडा पक्का बसे, तो या तिसऱ्या चित्राने. ते चित्र कोणाचेच नसे. इतकी वर्षे ते कोणाचेच नव्हते.

त्या दिवशी मात्र ते कोणाचे तरी झाले. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. वर्ग पेंगुळलेला, सर प्रश्न टाकीत आणि प्रश्न फळ्यापाशीच पडून राही. पहिल्या बाकावर एक मुलगी बसत असे. भरल्या गालांची, रुंद जिवणीची, गोल जाड चष्म्याची, दोन घट्ट वेण्या घालणारी. घरीदारी तिला चिमणी म्हणत. गणितात ती सगळ्या वर्गाच्या पुढे. सरांचा प्रश्न अर्धा तोंडात असतानाच तिचा हात वर गेलेला असे. सरांची नजर तिच्यावर गेली, आणि खडूने फळ्यावरच्या चेहऱ्याला चष्मा काढला. मग दोन वेण्या. मग रुंदी दुप्पट.

"अय्या, ही तर आपली चिमणी!" मागून कोणीतरी ओरडले, आणि वर्ग नुसता फुटला. सरही हसले. बाहेरून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चालल्या होत्या. त्या दारात थांबल्या, हसल्या आणि कौतुकाने मान डोलावून गेल्या.

चिमणीही हसली. सगळ्यांच्या आधी हसली, आणि सगळ्यांच्या आधी थांबली. ते थांबणे सरांनी पाहिले. पाहिले, आणि पाठ फिरवून घाईघाईने फळा पुसला.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचे नाव 'दुप्पट' झाले. "दुप्पट आली रे, दोन्ही दारं उघडा!" हा वर्गातल्या टवाळाचा शोध. "दुप्पट, डबा पण दुप्पट लागतो का गं?" हा त्याच्या चेल्यांचा. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वेण्या सुटल्या, मोकळे केस गालांवर आले. आणि तो हात, प्रश्नाआधी वर जाणारा तो हात, वहीखाली कुठेतरी दडून गेला.

सरांचे काय झाले म्हणता? त्यांच्या जिभेला तो शब्दच पेलवेना. "दोनाने गुणा", "दोनदा घ्या" असा वळसा घालून ते बोलू लागले. एखादा भाबडा जीव विचारी, "म्हणजे दुप्पट ना सर?" मग खसखस पिके, आणि सर खाली वाकून न पडलेला खडू शोधीत.

एके दिवशी चिमणीची आई शाळेत आली. तिचे इस्त्रीचे दुकान होते. हात वाफेने लाल झालेले, पदराला कांजीचा वास. तिने सरांना व्हरांड्यात गाठले.

"सर, पोरगी नीट जेवत नाही हो. घरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय तिनं. म्हणते, सरांनी फळ्यावर माझं चित्र काढलं, सगळे हसले. काढलंत का तुम्ही?"

एका 'हो'चे काम होते. पण तोंडातून निघाले ते भलतेच. "छे छे, ताई! ते चित्र कोणाचंच नसतं. दरवर्षी काढतो मी. मुलांचं काय, जोडतात उगाच."

आईचा चेहरा सैलावला. "मी पण तेच म्हणाले तिला. म्हटलं, सर असं करायचे नाहीत, तूच मनाला लावून घेतेस. चांगली रागावते आज घरी गेल्यावर." आणि वर म्हणाली, "तुमचा वेळ घेतला, सर. माफ करा हं."

माफ करा! देवा, त्या माउलीने चार शब्द सुनावले असते तर ते अंगावर घेऊन सर मोकळे झाले असते. पण ती माफी मागून गेली. ती माफी सरांच्या घशात अडकली, गिळता येईना, ओकता येईना.

त्या संध्याकाळी पत्नी म्हणाली, "अहो, चहा पिणार आहात की त्यावरची साय मोजणार आहात? शाळेत कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही. तेच तर झालंय."

मग त्यांनी तिला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"चित्र काढलंत, ते एक. पण त्या लेकराला तिच्याच आईसमोर खोटं पाडलंत, ते दुसरं. पहिल्याला म्हणाल, हात वाहवला. दुसऱ्याला काय म्हणाल?"

"मला धीर येईल असं काहीतरी बोल ना गं."

"धीर तुम्हाला कशाला हवा? धीर तिला हवाय."

सर उठून खिडकीशी गेले. मन खात होते. आणि मन खाऊ लागले की त्याला पोट भरणे माहीत नसते.

तशात मोठ्या बाईंनी बोलावले. "सर, आनंदाची बातमी! पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळांचे शिक्षक येतायत. नमुना पाठ तुमचा. तोच घ्या, चेहऱ्याचा! मी दारातून पाहिलाय ना, काय रंगला होता! गणितात मुलं इतकी हसताना मी कधी पाहिली नाहीत." आणि त्याच दमात कागद आवरत त्या म्हणाल्या, "अरे हो, ती शेवटच्या बाकावरची मुलगी, तिची आई दाखला मागतेय. पोरगी इथे यायलाच तयार नाही, दुसऱ्या शाळेत घालणार म्हणे. हुशार होती ना?"

होती! त्या 'होती'ने सरांच्या काळजात चर्र झाले. जी समोर बसलेली होती ती त्यांच्या हाताने 'होती' झाली होती. आता ही मुलगी वर्गातून गेली, तर त्यांचे खोटे कायमचे खरे ठरणार होते.

शाळा सुटल्यावर ते थेट इस्त्रीच्या दुकानात गेले. टेबलावर शर्टांची चळत, वाफेचा दमट वास, आणि आत पडद्यापाशी चिमणी घड्या घालीत बसलेली.

"ताई," सर उभ्याउभ्याच म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोललो. ते चित्र हिचंच होतं."

आईने इस्त्री उचलून उभी ठेवली. "म्हणजे तुमच्या शब्दावर मी माझ्या लेकीला खोटं ठरवलं."

"हो."

"रागावले हो मी तिला. रडत होती, तरी रागावले."

चिमणी उठून पुढे आली. केसांआडून चष्मा तेवढा दिसत होता. "मुद्दाम काढलंत, सर?"

"तुझ्याकडे बघून काढलं. वर्ग हसावा म्हणून."

"मग लगेच पुसलंत का?"

"तुझं हसू थांबलेलं दिसलं म्हणून."

तिने हातातली घडी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

सर आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहिले होते. पण इतके उघडे ते कधी उभे राहिले नव्हते. "हो बाळ. तेव्हाच कळलं होतं."

ती पडद्याआड निघून गेली. आई म्हणाली, "मी तिला जा म्हणणार नाही, राहा पण म्हणणार नाही. एकदा तिचं ऐकलं नाही, आता ती म्हणेल तेच. पण सर, जे सगळ्या वर्गासमोर झालं, ते दुकानात येऊन कसं निस्तरेल?"

नमुना पाठाचा दिवस उजाडला. वर्गाच्या कडेने पाहुण्या शिक्षकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मोठ्या बाई त्यांच्यामध्ये प्रसन्न मुद्रेने बसल्या होत्या. चिमणी आली होती. शेवटच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. उठून जायला सोपे पडावे तसे.

सरांनी मीटरपट्टी टेबलावर ठेवली.

"पाठ सुरू करण्याआधी एक सांगायचंय. या धड्यात मी एक चेहरा काढतो. या वर्षी मी आपल्यातल्याच एका मुलीकडे पाहून तो काढला आणि तुम्हाला हसवलं. तिच्या आईने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही जे नाव ठेवलंत त्याची सुरुवात माझ्या खडूने झाली. चूक माझी आहे. आज चेहरा नाही. यापुढेही नाही."

मोठ्या बाईंचे हसू ओठांवरच वाळले. एका पाहुण्याने खाली पाहून चपलेचा पट्टा नीट केला. सरांनी फळ्यावर एक आयत काढला.

"हा एक फोटो. रुंदी चार, उंची सहा. तो मोठा करून रुंदी बारा केली. चित्र बिघडू द्यायचं नाही. उंची किती?"

'दोन्ही दारे' उघडायला लावणारा तो टवाळ ताडकन उठला. पाहुण्यांसमोर चमकायची हौस! "चौदा, सर! इकडे आठ वाढले, मग तिकडेही आठ."

वर्ग हसला. कोणी म्हणाले, "बस खाली, चौदा!" नवे नाव जन्माला येत होते. टवाळाचे कान लाल झाले. सर बोलण्यासाठी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांचं हेच आलं असतं."

चिमणी उभी होती. दप्तर मांडीवरून खाली पडले होते. आवाजात माया वगैरे काही नव्हती. चुकीचे गणित ऐकून येतो तो शुद्ध वैताग होता.

"आठ मिळवून फोटो मोठा होतो म्हणतोस ना? मग चार काढून लहान कर बघू."

"चारातून चार गेले, शून्य," तो पुटपुटला. "सहातून चार... दोन."

"रुंदी शून्य, उंची दोन. बस आता त्या फोटोत!"

वर्ग पुन्हा हसला, पण यात विष नव्हते. डोके खाजवत तोही हसला. "मग करायचं काय?"

"मिळवायचं नाही. पट बघायची. चाराचे बारा कितीपट?"

"तिप्पट."

"मग सहाचे?"

"अठरा! अरे, हो की!"

ती खाली बसली. सरांकडे तिने पाहिलेही नाही. सरांनी फळ्याकडे वळून 'अठरा' लिहिले. तो आकडा लिहायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला, आणि कोणी त्यांना घाई केली नाही.

पाठ संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "हे पाहुण्यांसमोर काढायची काय गरज होती? शाळेचं कसं दिसलं!"

"जसं होतं तसं दिसलं, बाई," सर म्हणाले.

दाखला न्यायला कोणी आले नाही. पण कथा इथे गोड करून सांगितली तर ते पाप होईल. चिमणी पहिल्या बाकावर परतली नाही. मैदानात ते नाव अधूनमधून उठतेच. ते कानी आले की सर चालता चालता थबकतात. "क्षमा केली" असे ती म्हणाली नाही, आणि सरांनी ती मागितलीही नाही. तिचा हात आता वर जातो. प्रश्न पुरता ऐकून, तिला वाटले तरच. तो दिसला की सर आधी मान खाली घालतात आणि मग म्हणतात, "बोल."

हे कृपावंता, या सरांच्या मनातली ही बोच काढू नकोस. तिच्यासह चालण्याचे बळ दे. खरे बोलायला लावणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या संसारात समाधान नांदो. त्या माउलीच्या दुकानावर तुझी छाया राहो, तिच्या भाजलेल्या हातांना गारवा मिळो. आणि त्या लेकराला, जसे तू घडवलेस तसेच, सर्वांगाने मोठे कर. कल्याण असो त्यांचे, कल्याण असो त्या दोन्ही घरांचे.