पौंड आपलाही आहे

आयमथ या आमच्या स्कॉटलंडच्या कोळीगावात कुणाला पैशाबद्दल शंका आली, की तो वकिलाकडे जात नसे, पाद्र्याकडेही नाही. तो एफी मॉल्टमनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे. एकतीस वर्षं ती गावच्या बँकेत काचेमागे बसली होती. कुणाच्या बोटीला यंदा मासळी लागली, कुणाचा नवरा पगार झाला की थेट दारूच्या दुकानात शिरतो, हे सगळं तिला ठाऊक; पण त्यातलं अवाक्षरही कधी बाहेर गेलं नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी 'एफी म्हणाली' एवढं सांगितलं की आमच्याकडे वाद मिटायचा. माणसाला पैसा मिळवता येतो, असा विश्वास मिळवता येत नाही.

तिचा नवरा वॉटी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात स्कॉटलंडला स्वतंत्र करायचा. चाळीस वर्षांपूर्वी असं बोलणारी माणसं गावात दोन होती, त्यातला दुसरा वेडसर होता. "काय वॉटी, सुटला का तुझा देश?" म्हणून धक्क्यावर त्याची रोज चेष्टा व्हायची. तो हसून म्हणायचा, "सुटेल. तुमची बोट सुरू होते का ते बघा आधी." दोन हजार दहा साली तो गेला. त्याच्या विम्याचे आणि साठवलेले मिळून अडतीस हजार पौंड एफीकडे आले. पुढे दोन हजार चौदा साली खरोखरच स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान ठरलं, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या एफीने कोटावर 'हो'चा निळा बिल्ला लावला आणि ती दारोदार फिरायला लागली. वॉटी असता तर नाचला असता, या एका विचाराने तिचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबले.

पण दारं उघडायची आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न उभा. झेंड्याचं कुणाला काही नव्हतं, राणीचंही नव्हतं. पैशाचं काय?

"वेगळे झालो तर माझी पेन्शन कशात मिळणार गं एफी?" म्हातारा तांडेल सँडी लॉख दारातूनच ओरडायचा. "शिंपल्यांत?"

"पौंडात."

"लंडनवाले तर देत नाही म्हणतात."

"पौंड काय त्यांच्या बापाचा आहे? तीनशे वर्षं आपणही त्यात घाम घातलाय. पौंड आपलाही आहे."

सँडी हसायचा आणि दार लावायचा. लंडनचे मंत्री टीव्हीवर सांगत होते, की जा, पण पौंड इथेच ठेवून जा. आमचे पुढारी म्हणत, नुसती धमकी आहे, द्यावाच लागेल. आणि नाहीच दिला तर? तिथे आमचे पुढारी घसा खाकरायचे. नवं नाणं काढायचं, तर त्याची किंमत पौंडाइतकी राहील याची हमी कोण देणार? बँकेत जन्म गेलेल्या बाईला ते खाकरणं नीट ऐकू येत होतं. पण ती पुढच्या दाराकडे वळायची.

तिची शेजारीण, टॅम कोळ्याची विधवा जेस विंड्रम, वय शहात्तर, ही तर घाबरटांचा मेरुमणी. आमच्याकडच्या नोटा आमच्याच बँका छापतात, त्यांच्यावर राणीचं तोंड नसतं. इंग्लंडच्या नोटांवर असतं. जेसने हिशेब लावला, की फारकत झाली की आमच्या नोटा नव्या देशाच्या होणार आणि राणीच्या नोटा पौंडच राहणार. म्हणून ती दुकानात सुट्टे घेताना हट्टाने राणीच्या नोटा मागून घेई आणि बिस्किटांच्या डब्यात कोंबे. गावात अशा दहाबारा तरी बायका होत्या. दुकानदार कावून गेला होता.

एफीने डबा बघितला आणि ती पोट धरून हसली. "अगं खुळे, नोटेवर कुणाचं तोंड आहे त्याने काय होणार? आणि डब्यात आहेत किती, तीनशे? तुझे खरे पैसे बँकेत आहेत. ती बँक कुठल्या देशात राहते, ते बघायचं असतं."

बोलून गेली, आणि स्वतःचंच बोलणं तिने ऐकलं. तिचे अडतीस हजारही त्याच बँकेत होते.

पुढच्या रविवारी बातमी आली, की मतचाचणीत 'हो'वाले पहिल्यांदाच पुढे गेले. 'हो'च्या प्रचार समितीच्या खोलीत आरडाओरडा झाला, कुणीतरी बाटली फोडली. एफीने हातात ग्लास घेतला आणि तसाच खाली ठेवला. हरत होतो तोवर ती शूर होती. आता जिंकायचीच वेळ आली, तर तिच्या डोळ्यांपुढे वॉटीचे काळे, तेलकट हात येत होते, आणि त्या हातांचे पैसे.

मंगळवारी तिने बेरिकची बस धरली. बेरिक आठ मैलांवर, पण सीमेपलीकडे, इंग्लंडात. बसमध्येच तिने बिल्ला काढून पर्सच्या तळाशी टाकला. तिथल्या बँकेतल्या पोरीने विचारलं, "खातं कशासाठी हवंय, मॅडम?"

"खरेदीला येते ना मी इकडे," एफी म्हणाली. "सोयीचं पडतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. तिला काय कळत नव्हतं असं नाही. परतीच्या बसमध्ये तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती एक थांबा आधीच उतरून चालत घरी आली.

बुधवारी सकाळी जेस येऊन बसली.

"भाची फोनवर म्हणत होती, मावशी, पैसे बेरिकला हलव. टॅमची बोट विकली त्याचे एकवीस हजार आहेत गं माझे. त्यापलीकडे माझ्याकडे काही नाही."

"मग?"

"मग काय होईल ते तू नकोच सांगू. ते कुणालाच माहीत नाही, टीव्हीवरच्या त्या टायवाल्यांनाही नाही. तू तुझ्या पैशांचं काय केलंस, तेवढं सांग. मी तेच करते."

खरं सांगितलं तर तासाभरात गावभर होणार होतं. समितीचं नाक कापलं जाणार होतं, आणि एकतीस वर्षांचं 'एफी म्हणाली' एका सकाळीत संपणार होतं.

"होते तिथेच आहेत," एफी म्हणाली.

जेसने मोठा सुस्कारा सोडला. "सुटले बाई! मग माझेही राहू देत तिथेच. आणि ऐक, मतसुद्धा 'हो'लाच. तुला जर भीती नाही, तर मला कसली मेलीला?"

त्यानंतरच्या आठ दिवसांत एफी दोनदा जेसच्या अंगणापर्यंत गेली. एकदा जेस कपडे वाळत घालत होती, एकदा ती बिस्किटांचा डबा रिकामा करून पक्ष्यांना चुरा टाकत होती. दोन्ही वेळा एफी हवापाण्याचं बोलून परत आली.

गुरुवारी दोघी मिळून मतदानाला गेल्या. जेस आधी आत गेली आणि गाल लाल करून बाहेर आली. "दिलं बाई! वॉटीला कळलं असतं तर तो पाण्यात पडला असता."

एफी आत गेली. तिने पेन्सिल हातात घेतली. 'नाही' जिंकलं तर जेसच्या पैशांना धक्का लागणार नाही. 'नाही' जिंकलं तर आपण काय केलं ते कुणालाही, कधीही कळणार नाही. यातलं कुठलं कारण आधी आलं हे तिला पुढे कधीही सांगता आलं नाही. तिने 'नाही'पुढच्या चौकोनात मताची फुली मारली आणि कागद घडी घालून पेटीत टाकला.

शुक्रवारी उजाडता उजाडता निकाल लागला. शंभरातले पंचावन्न 'नाही'. थोड्याच वेळात जेस आली, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून, डोळे सुजलेले.

"हरलो गं. मला वाटलं नव्हतं मला एवढं वाईट वाटेल. माझ्यासारखं ससेकाळीज 'हो' म्हणून आलं, मग हे 'नाही'वाले होते तरी कोण? तोंडाने एक आणि हाताने एक करणारे! आपल्या गल्लीतही असतील."

एफीने किटली खाली ठेवली.

"मी होते, जेस."

"काय?"

"मी 'नाही'ला दिलं. आणि माझे पैसे बेरिकला आहेत. तू विचारलंस त्याच्या आदल्या दिवशी नेऊन ठेवले."

जेस अगदी हळू आवाजात बोलली.

"मत तुझं. ते तू कुणालाही दे. पण टॅमचे पैसे तू इथे राहू दिलेस."

"बुडाले असते तर मी माझ्यातले अर्धे तुला दिले असते. वॉटीची शपथ."

"कुठून दिले असतेस? बेरिकहून?"

जेसने कोटाची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावलं. चाळीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या दाराने यायची आणि त्याच दाराने जायची. आमच्याकडे शेजारी तसेच येतात-जातात. आज ती उठली आणि बैठकीतून थेट पुढच्या दाराकडे गेली. ते दार डॉक्टरासाठी आणि परक्यांसाठी असतं, आणि वॉटीची शवपेटी बाहेर गेली तेव्हापासून ते कुणी उघडलं नव्हतं. कडी गंजून बसली होती. जेसने दोनदा जोर लावला, तिच्याने हलेना.

"जरा उघडता का, मिसेस मॉल्टमन?" ती म्हणाली.

एफीने पुढे होऊन दोन्ही हातांनी कडी ओढली आणि दार उघडून दिलं.